एका सिलिंडरमधला गॅस दुसऱ्यात: घरच्या घरी याची सुरक्षित पद्धत नाही

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या फ्लॅटमधील एक तरुण कुटुंब बदलीमुळे नाशिकला निघाले. सामानाची बांधाबांध झाली, ट्रकवाल्याने सिलिंडर नेण्यास नकार दिला, आणि घरात दोन सिलिंडर उरले; एकात निम्मा गॅस होता आणि दुसऱ्यात चार-पाच किलो. रात्री ते गृहस्थ माझ्याकडे आले व म्हणाले, "काकाजी, तुमची अख्खी नोकरी गॅसच्या प्लांटमध्ये गेली. यातला गॅस त्यात कसा घ्यायचा, तेवढी सुरक्षित पद्धत सांगा. एकच सिलिंडर नीट भरून सासऱ्यांकडे ठेवून जातो." मी नाही म्हटले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटले असावे की, मला माहीत आहे पण सांगायचे नाही. जिन्यात उभे राहून पाच मिनिटांत समजावण्याजोगा हा विषय नव्हता, म्हणून जे त्यांना सांगता आले नाही ते आपल्या वृत्तपत्रातून सांगण्याची परवानगी मागतो. असा प्रश्न पडणारे ते एकटे नाहीत, हे मला पक्के ठाऊक आहे.

स्वयंपाकाचा गॅस एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात घेणे म्हणजे पिंपातले तेल डब्यात ओतण्यासारखे काम आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. तो मुळातच चुकीचा आहे. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचे मिश्रण दाबाखाली द्रवरूपात असते. हा द्रव पाण्याच्या निम्म्याहून किंचित जड. आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरची आतली जागा सुमारे ३३ लिटरची असते आणि तेवढा गॅस त्यातली साधारण २६ लिटर जागा व्यापतो. उरलेली वीस टक्के जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. प्लांटमध्ये आम्ही या मोकळ्या जागेला गॅसपेक्षाही जास्त जपत असू. गॅस कमी भरला गेला तर ग्राहकाची तक्रार येते. जास्त भरला गेला तर काय येईल, हे सांगता येत नाही.

या जागेचे महत्त्व नागपूरकरांना तरी सहज कळावे. तापमान एका अंशाने वाढले की द्रवरूप गॅस साधारण पाव टक्क्याने फुगतो. पाण्याच्या तुलनेत हे फुगणे दहापटीच्या आसपास आहे. पंचवीस अंशांवर भरलेला सिलिंडर पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आला की आतला द्रव पाच-सहा टक्क्यांनी वाढतो, आणि मोकळी जागा शिल्लक असेल तर ती वाढ निमूटपणे सामावली जाते. पण एखाद्याने अंदाजाने, कानाने आवाज ऐकून किंवा हाताने उचलून बघून सिलिंडर काठोकाठ भरला असेल, तर फुगणाऱ्या द्रवाला जायला जागाच उरत नाही. द्रव दाबून लहान होत नाही. मग पुढच्या अवघ्या काही अंशांत आतला दाब असा चढतो की पोलाद, झडप किंवा सांधा यांपैकी जे कमजोर असेल ते हार मानते. आपल्या शहरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. हे सावलीतले मोजमाप. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पत्र्याच्या छताखालच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या स्वयंपाकघरात काय तापमान असते, ते तिथे राहणाऱ्यांना विचारावे.

म्हणूनच प्लांटमध्ये गॅस "भरला" जातो त्याहून अधिक तो "तोलला" जातो. प्रत्येक सिलिंडरच्या वरच्या कड्याखालील पट्टीवर त्याचे रिकामे वजन कोरलेले असते. ते यंत्रात नोंदवून वजनकाट्यावरच भरणा होतो आणि ठरलेले वजन येताच प्रवाह आपोआप तुटतो. मग दुसऱ्या काट्यावर पुन्हा वजन, झडपेतून गळती आहे का याची तपासणी, झडपेच्या आतल्या रबरी कडीची तपासणी, पाण्याच्या हौदात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहणे, आणि त्यानंतर टोपी व सील. ठराविक वर्षांनी सिलिंडर पाण्याच्या दाबाखाली तपासला जातो, आणि पुढची तपासणी कधी ते त्याच पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी किंवा डी या अक्षराने व वर्षाने लिहिलेले असते: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे. हे सारे होते ते उघड्यावर, ठिणगी न उडवणारी हत्यारे वापरून, खास बनावटीचे दिवे व मोटारी बसवून, मोबाइल दाराबाहेर ठेवून आणि डोक्यावर पाण्याच्या फवाऱ्यांचे जाळे तयार ठेवून. एवढे करूनही आम्ही सुती कपडे घालत होतो आणि दर महिन्याला आगीची रंगीत तालीम करत होतो. मग जे काम इतकी साधने असताना आम्ही धाकात राहून केले, ते घराच्या बाल्कनीत करण्याची "सुरक्षित पद्धत" मी शेजाऱ्यांना काय म्हणून सांगणार होतो?

दुसरी गोष्ट रेग्युलेटरची. आपण शेगडीपाशी जो गॅस वापरतो त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम तीन टक्के असतो. रेग्युलेटर नावाची ती लहानशी वस्तू सिलिंडरमधल्या कित्येक पट दाबाला इतके खाली आणते. शेगडीची नारिंगी नळी या कमी दाबासाठी बनलेली असते. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस घेताना मात्र रेग्युलेटर वाटेत नसतोच. म्हणजे सिलिंडरचा पूर्ण दाब आणि तोही द्रवरूप गॅसचा, एखाद्या जोडलेल्या, क्लिप आवळलेल्या नळीवर येतो. ती निसटली की बाहेर येतो तो धूर किंवा वाफ नव्हे, तर उणे तापमानाचा द्रव. हातावर उडाला तर कातडी गोठून जळते, आणि माणूस नेमक्या त्याच क्षणी हातातले सारे सोडून मागे सरतो. झडप बंद करायला मग कोणी उरत नाही.

बाहेर पडलेल्या गॅसचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. एक किलो गॅस सुटला तर साधारण साडेचारशे लिटर. हवेत याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत साधारण अठ्ठावीस हजार लिटर हवा असते. म्हणजे दीड किलोहून कमी गॅस अख्खी खोली पेटण्याजोगी करायला पुरेसा आहे. प्रत्यक्षात त्याहून खूपच कमी लागतो, कारण हा वायू हवेपेक्षा जवळपास दुप्पट जड असल्याने वर न जाता फरशीवर पसरतो, दाराच्या फटीखालून सरकतो, मोरीत, नालीत, तळघरातल्या पार्किंगमध्ये साचून राहतो. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याच्या पावलांशी तो असतो. आणि आमच्या नागपुरात उन्हाळ्यात काय चित्र असते? दुपारी अकरापासून दारे लोटलेली, पडदे ओढलेले आणि कूलर सुरू. कूलरची मोटर, पंपाचे बटण, फ्रिजचा थर्मोस्टॅट, यांतली एक ठिणगी पुरते. "आम्ही काडी पेटवली नव्हती" असे सांगणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते खोटे बोलत नव्हते.

वास येतो, मग कळेलच, असे काहींना वाटते. मूळ गॅसला वास नसतो. गळती समजावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते, आणि ही सोय फार मोलाची आहे. पण नाक थोड्या वेळात त्या वासाला सरावते. जो माणूस दहा मिनिटे गॅस ओतत बसला आहे, त्याला वास येईनासा होतो. बाहेरून आलेल्याला मात्र तो दारातच जाणवतो.

हे मी केवळ पुस्तकी भीती म्हणून लिहीत नाही. आमच्या वस्तीपासून जवळच शेगड्या व मिक्सर दुरुस्तीचे एक छोटे दुकान होते. बाहेर "गॅस शेगडी रिपेअर" अशी पाटी, आणि आत मळक्या पडद्यामागे दुसराच व्यवसाय. एका संध्याकाळी बर्नर साफ करून घ्यायला गेलो असता पडदा बाजूला झाला होता. लाल रंगाचा घरगुती सिलिंडर विटांवर उलटा टेकवलेला, त्याला नळी, आणि नळीच्या टोकाशी डोक्यावरच शेगडी बसवलेला, हिरव्या रंगाचा, कसलेही मानकचिन्ह नसलेला छोटा सिलिंडर. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा त्या छोट्या सिलिंडरला पायांत धरून बसला होता आणि तळहाताने त्याची गारवा आलेली बाजू चाचपून तो किती भरला याचा अदमास घेत होता. वजनकाटा होता, तो भाजीवाल्याकडे असतो तसला, टांगता. तीन पावलांवर टेबलफॅन फिरत होता. मी मुलाला म्हटले, "बाळा, पहिले हे बंद कर." तो हसून म्हणाला, "काही नाही होत जी काका, रोजचंच आहे." रोजचेच आहे, हेच तर मला घाबरवून गेले. त्याच्या डाव्या मनगटावर जुन्या डागाची गुळगुळीत, पांढरट कातडी मला स्पष्ट दिसली. मी दुकानमालकाशी बोललो, नंतर तक्रारही केली. काही दिवसांनी तो पडदा निघाला. पण गिऱ्हाईक कुठे गेले असेल? ते दुसऱ्या पडद्याकडे गेले असणार.

आणि इथेच मला त्या गिऱ्हाइकांची बाजूही मांडायची आहे, कारण फक्त छापे घालून हा प्रश्न सुटणार नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ येथून शिकायला आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी येणारी हजारो मुले-मुली नंदनवन, मानेवाडा, हिंगणा रोड अशा भागांत एकेका खोलीत राहतात. बांधकामावर येणारे मजूर, हातगाडीवर पोहे-समोसे विकणारे, एमआयडीसीत पाळी करणारे कामगार, यांचीही तीच गोष्ट. त्यांच्याकडे भाडेकरार नसतो, कायम पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असतो, चौदा किलोच्या सिलिंडरचे पैसे एकरकमी देणे जड जाते आणि सहा महिन्यांनी खोली बदलायचीच असते. त्यांना दीडशे-दोनशे रुपयांचा गॅस आज संध्याकाळी हवा असतो, आणि तो त्यांना पडद्यामागेच मिळतो. हे लोक बेफिकीर आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल.

यावर कायदेशीर उपाय आहे आणि तो आजचा नाही. तेल कंपन्यांचा ५ किलोचा सिलिंडर जोडणीच्या लांब कागदपत्रांशिवाय, केवळ ओळखपत्र दाखवून विकत घेता येतो. इंडियन ऑइलने २०२० मध्ये त्याला "छोटू" असे नाव देऊन त्याचा प्रचारही केला. तो वितरकांकडे आणि काही पेट्रोल पंपांवर मिळणे अपेक्षित आहे, आणि रिकामा देऊन भरलेला घेता येतो. त्यावर मानकचिन्ह असते, झडप खात्रीची असते, आणि भरणा प्लांटमध्ये वजनावर झालेला असतो. पण हा सिलिंडर मिळतो किती जणांना? मी स्वतः एका भाचीसाठी तो आणायला एका वितरकाच्या कार्यालयात गेलो होतो. पहिल्यांदा "स्टॉक नाही", दुसऱ्यांदा "साहेब आल्यावर विचारा", आणि तिसऱ्यांदा "घरगुती जोडणीच घ्या ना" असे उत्तर मिळाले. चौथ्या खेपेला दुसऱ्या ठिकाणी तो सहज मिळाला. मी निवृत्त माणूस आहे, मला चार खेपा जमल्या. दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्याला एकच खेप जमते.

कायद्याची बाजू मी थोडक्यात सांगतो. १८८४ च्या स्फोटके अधिनियमाखाली केलेल्या गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार परवान्याशिवाय सिलिंडरमध्ये गॅस भरता येत नाही, मग तो स्वतःच्या घरी असो वा दुकानात. घरगुती सिलिंडर अन्य कामासाठी वापरणे २००० च्या एलपीजी पुरवठा व वितरण आदेशानुसार गुन्हा असून जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखाली त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या सगळ्यावर देशभर लक्ष ठेवणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय आपल्याच शहरात सेमिनरी हिल्सवर आहे. सिलिंडरच्या सुरक्षेचे नियम जिथून देशभर पाळून घेतले जातात, त्या शहराने या बाबतीत इतरांना दाखवण्यासारखे काम करावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

एक गोष्ट सर्वच गृहिणींनी आणि गृहस्थांनी ध्यानात घ्यावी. पडद्यामागचा गॅस कुठून तरी येतोच. कधी तो कोणाच्या नावावरच्या न वापरलेल्या जोडणीचा असतो, तर कधी तुमच्या-आमच्या सिलिंडरमधून वाटेत काढून घेतलेला. सिलिंडर दारात आला की डिलिव्हरीच्या माणसाकडून वजन करून घेणे हा आपला हक्क आहे. पट्टीवर कोरलेले रिकामे वजन अधिक १४.२ किलो इतके वजन भरले पाहिजे. दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त तफावत असली तर सिलिंडर परत करावा. सील उखडून पुन्हा बसवल्यासारखे वाटले, तरीही परत करावा. वाटेत गॅस काढलेल्या सिलिंडरची झडप आणि रबरी कडी बऱ्याचदा दुखावलेली असते, म्हणजे पैसे तर गेलेलेच असतात, शिवाय घरात गळकी वस्तू येते.

माझ्या शेजाऱ्यांसारखी अडचण आली तर काय करावे, तेही लिहितो. शहर सोडताना सिलिंडर व रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून जोडणी हस्तांतराचे व्हाउचर घ्यावे. अनामत रक्कम परत मिळते आणि नव्या गावी त्याच व्हाउचरवर जोडणी मिळते. शिल्लक गॅसचे पैसे मात्र मिळत नाहीत, हे खरे आहे. म्हणून जाण्याच्या महिनाभर आधीपासून दुसरा सिलिंडर नव्याने भरून घेऊ नये व आधीचाच संपवत आणावा. तरीही चार किलो गॅस उरलाच, तर तेवढे नुकसान सोसावे. शेजाऱ्यांना मी शेवटी हेच सांगितले, आणि त्यांनी दोन्ही सिलिंडर जमा केले.

गळतीचा वास आला तर शेगडीची व रेग्युलेटरची कळ बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण सुरू करू नये आणि सुरू असलेले बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा उडते. मोबाइल घराबाहेर जाऊन वापरावा आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. ही सेवा चोवीस तास असते. गळती शोधायला काडी कधीही पेटवू नये, साबणाचा फेस पुरतो.

संबंधितांना माझी विनंती अशी की, येत्या मार्चपूर्वी शहरातील प्रत्येक वितरकाच्या दर्शनी भागात ५ किलोच्या सिलिंडरचा दर, शिल्लक साठा आणि लागणारे ओळखपत्र यांचा फलक मराठी व हिंदीत लावणे सक्तीचे करावे, आणि "स्टॉक नाही" असे उत्तर मिळाल्यास तक्रार कुठे करायची हेही त्याच फलकावर लिहावे. जिल्हा पुरवठा कार्यालयाने महाविद्यालये, वसतिगृहे व अभ्यासिकांच्या परिसरात विक्रीची ठिकाणे वाढवण्यासाठी तेल कंपन्यांशी बोलावे. खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकांनी भाडेकरूकडे कोणता सिलिंडर आहे हे खोली देतानाच पाहावे, आणि मानकचिन्ह नसलेला असेल तर त्याला रागावण्याऐवजी कंपनीचा छोटा सिलिंडर मिळवून द्यायला मदत करावी. पडद्यामागे बसणाऱ्या त्या मुलांसाठी दुकानावरची कारवाई पुरेशी नाही. अल्पवयीन मुलाला अशा कामाला लावणाऱ्यावर बालकामगार कायद्याखालीही गुन्हा दाखल व्हावा.

गॅस भरण्याच्या कामात ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, असे माझ्यासारखे निवृत्त सहकारी या शहरात बरेच आहेत. कोणत्याही शाळेने, महाविद्यालयाने किंवा सोसायटीने बोलावले, तर एक रिकामा सिलिंडर, एक रेग्युलेटर आणि साबणाचे पाणी घेऊन तासभर समजावून सांगायला आम्ही विनामोबदला येऊ.

आपला विश्वासू,
गॅस भरणा प्रकल्पातील एक निवृत्त कर्मचारी,
मानेवाडा, नागपूर